डोंगरदेवाचा मुक्काम आणि आमचे मळे

मार्गशीर्ष महिना आला म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवड या बाजूच्या बागाइतदारांच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकूं येते. द्राक्षाच्या वेलीवर मणी धरलेले असतात, घडांची विरळणी निम्म्यावर आलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळीं सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून आलेल्या टोळींतील निम्मीं माणसें "डोंगऱ्या देवाला जातों" असें सांगून गांठोडें उचलून चालूं लागतात. मुकादम हात झाडून मोकळा होतो, दिलेली उचल अडकून पडते, आणि मालक चिडून म्हणतो, "या लोकांना नाचायला वेळ आहे, कामाला नाहीं." हें वाक्य आम्हीं अनेक बांधांवर ऐकलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर स्वतःहि पुष्कळदां बोललों आहों. म्हणूनच त्याचा एकदां शांतपणें विचार करावा, असें वाटून हा लेख लिहावयास घेतला आहे.

हा नाच म्हणजे आहे तरी काय, त्यांत शेतीचा भाग किती, आणि आम्हां मळेवाल्यांना त्यापासून कांहीं शिकण्यासारखें आहे किंवा नाहीं, हे तीन प्रश्न येथें घेतले आहेत. वाचकांनीं राग बाजूस ठेवून वाचावें, एवढीच विनंति आहे.

मुक्काम कसा असतो

डोंगरदेव हा मुख्यतः कोकणा व भिल्ल या समाजांचा उत्सव होय. आपल्या जिल्ह्यांतील कळवण, बागलाण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांत, पलीकडे धुळें जिल्ह्याच्या साक्री भागांत आणि गुजरातच्या डांगांत तो आजहि चालतो. त्याची वेळ पाहण्यासारखी आहे. भात कापून झालेलें असतें. नागली व वरई खळ्यावर आलेली किंवा घरांत पडलेली असते. ओढ्यांना पाणी असतें, आणि डोंगरउतारावरील गवत अद्याप वाळून गेलेलें नसतें. सालाचें पोट भरण्याची सोय झाली, आणि पोटापाण्यासाठीं घाट उतरून जाण्याची वेळ आली, या दोहोंच्या मधल्या सांध्यांत हा उत्सव बसविलेला आहे.

अशा वेळीं नवस बोललेलीं व गांवानें पुढें केलेलीं माणसें कांहीं दिवस घरसंसार सोडून एकत्र मुक्कामास राहतात. त्यांना माऊली म्हणतात. पुरुषासहि माऊलीच म्हणतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. व्रताचे नियम गांवोगांव थोडे निराळे असले, तरी त्यांचें सार एकच: घरीं निजावयाचें नाहीं, संयमानें व स्वच्छतेनें राहावयाचें, आणि देवाचें कार्य पुरें होईपर्यंत मंडळी सोडावयाची नाहीं. ज्या सारवलेल्या जागेंत हा मेळा जमतो तिला खळी असें नांव आहे. आपल्या खळ्याचीच ती बहीण होय. ज्या प्रकारच्या जमिनीवर धान्य पडतें, त्याच प्रकारच्या जमिनीवर देवहि बसतो, असा त्याचा अर्थ आम्ही करतों.

खळीवर पावरी वाजते. वाळलेला भोपळा, बांबूची नळी आणि मेण यांपासून हें वाद्य बनतें. त्यांतील भोपळा परसांत पिकतो, बांबू रानांत मिळतो, आणि मेण मधमाश्यांनीं दिलेलें असतें. वाजविणाऱ्याच्या सुरावर माऊल्या फेर धरतात आणि तो वळेल तसा फेर वळतो. याच समाजांत थाळीवर कथा लावण्याचीहि रीत आहे. कांशाच्या थाळीच्या मधोमध मेणानें एक काडी उभी चिकटवितात. कथेकरी त्या काडीवरून बोटें ओढीत राहतो, आणि थाळी भुंग्यासारखी घुमूं लागते. त्या घुमाऱ्यावर तो कणसरीची कथा सांगतो. कणसरी म्हणजे कणसांत राहणारी धान्याची माता. पोथी नाहीं, लिहिलेला कागद नाहीं. सगळी कथा मुखोद्गत असते.

कित्येक ठिकाणीं माऊल्या आसपासच्या गांवांतून फिरतात, दारोदार फेर धरतात, व घरची बाई सुपांतून धान्य घालते. शेवटीं पौर्णिमेस मंडळी देवाच्या डोंगराकडे निघतात, पायथ्याच्या रानांत रात्र जागवितात, आणि देवाचें कार्य आटोपून गांवीं परत येतात. मग सर्व गांवाचें जेवण होतें. त्यानंतर पुष्कळ कुटुंबें घाट उतरतात, आणि आपल्या मळ्यांत येऊन कात्री हातीं घेतात.

एका रात्रीची हकीकत

हें सर्व आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, अवकाळी पावसानें झालेल्या नुकसानीचे पंचनामे पुरे करण्यासाठीं आम्ही तलाठ्याबरोबर पश्चिमेकडील एका पाड्यावर गेलों होतों. खातेदारांच्या सह्या व अंगठे घ्यावयाचे होते. पाड्यावर म्हाताऱ्या बाया व पोरें तेवढीं होतीं. बापे माणूस एकहि हजर नव्हता. "कोठें गेले?" म्हणून विचारतां "माऊलींत" असें उत्तर आलें. आम्हांस संताप आला. सरकार मदत द्यावयास दारीं आलें, आणि हे लोक नाचताहेत! आम्हीं तेथेंच ओसरीवर बसून वहींत लिहिलें: "ग्रामस्थ गैरहजर. नाचगाण्यांत गुंतलेले. सह्या झाल्या नाहींत."

निघावयाच्या वेळीं तलाठ्याची मोटारसायकल चालू होईना. अंधार पडला. एका वृद्धानें आम्हांस खळीवर नेलें, घोंगडी दिली, आणि नागलीची भाकर व उडदाची आमटी पुढें ठेविली. त्या रात्रीं आम्हीं फेर प्रथम पाहिला.

पहिल्या घटकेस तो सगळा प्रकार एकसुरी वाटला. मग हळूहळू डोळे सरावले. फेरांत दोन माणसें ओळखीचीं दिसलीं. त्यांच्या बांधाच्या तंट्याचा अर्ज आमच्याच टेबलावर धूळ खात पडला होता, आणि कचेरींत तीं एकमेकांकडे पाहतहि नसत. येथें तीं एकाच फेरांत, खांद्याला खांदा लावून, पाऊल टाकीत होतीं. व्रत चालू असेतों त्यांना निराळें राहतां येत नव्हतें. त्या फेरानें तंटा मिटला, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पुढील तारखेस तीं दोघें एकाच गाडीनें आलीं, एवढें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

शेकोटीजवळ निराळेंच काम चाललें होतें. एका म्हातारीनें पदरांत हळव्या नागलीचीं कणसें बांधून आणलीं होतीं. दुसरीच्या घरची नागली गरवी होती. यंदाच्या पावसांत कोणती टिकली, कोणती आडवी झाली, कोणत्या उतारावर दाणा भरला, याची चर्चा होऊन कणसांची अदलाबदल झाली. पुढील साली कोणाच्या लावणीस कोणीं जावयाचें, कोणाच्या राबासाठीं कोणाच्या रानांतील पाला तोडावयाचा, हेंहि तेथेंच ठरलें. आम्हीं त्या वृद्धास विचारलें, "बाबा, इतके दिवस काम बुडवून कसें चालतें?" तो हंसून म्हणाला, "भाऊसाहेब, बाकी सारं साल दुसऱ्याचं. एवढे दिस तेवढे डोंगराचे. आन् हे बी कामच हाय की."

हें बी कामच आहे, हे शब्द आम्ही विसरलों नाहीं. परंतु परत आल्यावर वहींतील ती ओळ मात्र आम्हीं खोडली नाहीं. वरिष्ठांपुढें काय सांगावें, या भीतीनें ती तशीच राहूं दिली. परिणामीं त्या पाड्याचे पंचनामे "अपूर्ण" या शेऱ्याखालीं जाऊन पडले, आणि शेजारच्या गांवांस मदत मिळाल्यावर महिन्यानें त्यांची पाळी आली. चूक नाचणाऱ्यांची नव्हती. तारीख नेमतांना पंचांग न पाहणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

आपल्याकडे काय होतें

आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, हें डोंगरांतील लोकांचें झालें. आम्हां काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यांचा त्याशीं काय संबंध? संबंध आहे, तो असा. पावरी आपली नव्हती. परंतु भलरी आपली होती. पिकाची कापणी चालली असतां एकानें भलरीची ओळ टाकावी, आणि साऱ्या पातीनें ती उचलावी, म्हणजे विळे आपोआप एका लयींत चालत. मोटेच्या नाड्यावर बसून पहाटे गाणें म्हणणारा मोटकरी आपला होता. जात्यावरच्या ओव्या आपल्याच घरांत होत्या. बेंदराची चाल असलेले देशावरचे लोक सोडले, तर आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी होई, आणि दुसरे दिवशीं झूल, बाशिंग व रंगविलेलीं शिंगें पाहण्यास सारें गांव वेशीवर लोटे. एखाद्याची नांगरट मागें पडली, तर इर्जिक घालून दहा-वीस औतें एका दिवसांत तें रान मोकळें करीत, आणि रात्रीं जेवण व गाणें होई.

मोट गेली आणि विजेचा पंप आला. जातें गेलें आणि गिरणी आली. बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आला. हें वाईट झालें, असें आमचें म्हणणें नाहीं. मोट हांकून ज्याच्या बापाची कंबर मोडली, तो पंपास नांवें ठेवणार नाहीं. परंतु त्या कामांबरोबर त्या कामांभोवतीं जमणारी माणसेंहि पांगलीं, आणि त्यांच्या जागीं नवें कांहीं आपण उभें केलें नाहीं. आज शेजाऱ्याचा मळा कोणत्या औषधानें वांचला, हें आपण दुकानदारास विचारतों, शेजाऱ्यास विचारीत नाहीं. एकाच शिवारांत राहून आपण परस्परांस परके झालों आहों.

डोंगरांतील लोकांनीं मात्र अशीं आणखीहि निमित्तें राखून ठेविलीं आहेत. आश्विन वद्य द्वादशीस ते वाघबारस करतात. लांकडाच्या किंवा दगडाच्या उभ्या खांबावर वाघ, नाग, सूर्य व चंद्र कोरलेले असतात. गुराखी त्या वाघदेवास नैवेद्य दाखवितात, व रानांत गुरांस अपाय करूं नको म्हणून विनवितात. ज्या रानांत गुरें चरतात त्यांत वाघाचाहि वांटा आहे, ही कबुली त्यांत आहे; आणि तो खांब कोरणारा गांवचाच कारागीर असतो. चैत्र-वैशाखांत पेठ, त्र्यंबक, जव्हार, मोखाडा या टापूंत बोहाडा होतो. देवांचे व राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून, संबळ व पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडांत रात्रभर सोंगें निघतात. अनेक गांवीं अमुक सोंग अमुक घराण्याचें, अशी वांटणी ठरलेली आहे. त्यामुळें मुलूख सोडून गेलेला मनुष्यहि आपलें सोंग नाचविण्यास त्या रात्रीं गांवीं परत येतो. पावसापूर्वीं गांव एकदां भरावें, याची ही केवढी नामी युक्ति!

आक्षेप

या मेळ्यांवर तीन आक्षेप घेण्यांत येतात, आणि तिन्हींचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, यांत अंधश्रद्धा आहे. आहे, हें आम्ही कबूल करतों. अंगांत येणें, भगतानें आजार सांगणें, हें आम्हांस मान्य नाहीं. आजाऱ्यानें दवाखान्यांत गेलें पाहिजे. परंतु आमच्याच बंगल्याच्या वास्तुशांतीस किती पैसा जातो, आणि नव्या ट्रॅक्टरच्या चाकाखालीं लिंबू कोण ठेवितो, हें आठवून मग दुसऱ्याकडे बोट दाखवावें. फेरांतील एकी व कणसांची अदलाबदल घेतांना अंगांत येणें घेतलेंच पाहिजे, असें नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा व व्यसनाचा. कोणत्याहि जत्रेस हा दोष लागूं शकतो. परंतु डोंगरदेवाच्या मुक्कामांत मुळांतच संयमाचा नियम आहे, आणि खर्चाचा मोठा भाग दारोदार मिळालेल्या धान्यावर चालतो. आपल्या लग्नांतील मांडव व डामडौल यांच्याशीं तुलना केली, तर लाज आपणांसच वाटावयास हवी.

तिसरा आक्षेप वेळेचा. आणि मळेवाल्यांच्या दृष्टीनें तोच खरा आहे. विरळणी थांबली तर घड दाटतो, मणी फुगत नाहीं, भाव पडतो. हें नुकसान काल्पनिक नव्हे. त्यावर उपाय आहे, तो पुढें दिला आहे.

इतर ठिकाणचे दाखले

कला, शेती व निसर्ग यांना एका मांडवांत आणण्याचा प्रयत्न शिकलेल्या लोकांनींहि केलेला आहे. बंगाल्यांत रवींद्रनाथ ठाकुरांनीं 1922 साली सुरूल गांवाजवळ श्रीनिकेतन ही ग्रामसुधारणेची संस्था स्थापिली. एल्महर्स्ट नांवाचा इंग्रज गृहस्थ त्या कामीं त्यांचा साह्यकारी होता. 1928 साली तेथें हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा उत्सव सुरू झाला, आणि कवीनें स्वतः नांगरास हात लाविला. नंदलाल बसु या थोर चित्रकारानें त्या प्रसंगाचें चित्र श्रीनिकेतनांतील भिंतीवर काढिलें. नांगरट हा भिंतीवर रंगविण्याजोगा विषय आहे, हें त्यामुळें पुष्कळांस प्रथम कळलें असावें.

आपल्या शेजारचा दाखला याहूनहि जवळचा आहे. 1936 सालच्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेवरून त्याची शोभा नंदलाल बसूंनीं केली, आणि ती बांबू, चटया व असल्याच गांवठी सामानांतून. साने गुरुजींनीं त्या अधिवेशनासाठीं जिवाचें रान केलें. शेतसारा, खंड व कर्ज यांविषयींचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तेथेंच मांडला गेला, आणि त्याच आवारांत ग्रामोद्योगांचें प्रदर्शनहि होतें. शेतकऱ्याचें राजकारण व शेतकऱ्याच्या हातची कला यांना एकाच कुडाची सावली मिळाली.

अलीकडील दाखला डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांचा. वारली लोकांत लग्नाच्या वेळीं सवाशिणी शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत. 1970 नंतरच्या काळांत मशे यांनीं तीच रीत कागदावर व कापडावर आणली, आणि लावणी, कापणी, तारप्याचा नाच, मासेमारी असें सारें रानजीवन जगापुढें ठेविलें. 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. तसेंच इगतपुरीच्या पलीकडे, अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांचें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें गांवरान बियाणें जमवून, जपून व वांटून बीजबँक उभी केली, आणि 2020 साली त्यांसहि पद्मश्री जाहीर झाली. खळीवरील म्हातारी पदरांत कणसें बांधून आणते तेंच हें काम. फक्त त्यास नांव मिळालें.

खुद्द नाशकांत गंगापूर धरणाच्या बाजूस सुला या द्राक्षमळ्यांत 2008 सालापासून संगीताचे मोठे जलसे होऊं लागले, व दूरदूरची मंडळी त्यांसाठीं येऊं लागली. त्यांस नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. त्यांनीं नाशिकच्या द्राक्षांचें नांव लांबवर नेलें. परंतु तो एक प्रकार, आणि खळी हा दुसरा. जलशांत पाहणारा निराळा व गाणारा निराळा असतो, आणि वेल छाटणारा दोहोंतहि नसतो. खळीवर छाटणारा, गाणारा व पाहणारा एकच आहे. आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें एवढेंच: ज्या मेळ्याचा यजमान स्वतः शेतकरी असतो, त्या मेळ्यांतून बियाणें, सल्ला व समेट हीं तिन्ही निघतात, आणि ज्यांत तो नुसता शोभेस असतो, त्यांतून फक्त तिकिटें निघतात.

काय करतां येईल

आतां कामाचें बोलूं.

पहिली गोष्ट तारखेची. मार्गशीर्ष पौर्णिमा 2023 साली 26 डिसेंबरास आली. 2024 साली ती 14-15 डिसेंबरास, आणि 2025 साली 4 डिसेंबरास होती. दरसाल ती सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक मास पडला कीं पुन्हा पुढें जाते. विरळणी सर्वसाधारणपणें छाटणीपासून 45 ते 60 दिवसांत येते, असें धरल्यास हिशेब सोपा आहे. 4 डिसेंबरास पौर्णिमा असतां 5 ते 20 ऑक्टोबरच्या दरम्यान छाटलेला प्लॉट नेमका त्या आठवड्यांत अडकतो. 26 डिसेंबरास असतां 27 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबरचा अडकतो. हवामान व बाजार पाहूनच छाटणी करावी लागते, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याचे तीन-चार प्लॉट आहेत, त्यानें ते सगळे त्याच पंधरवड्यांत आणूं नयेत. उचल देतांनाच मुकादमास विचारून, टोळींतील कोणत्या घरचा यंदा नवस आहे व कोण किती दिवस जाणार, हें टिपून ठेवावें. जाणारा लपून जात नाहीं. आपण विचारीत नाहीं म्हणून तो सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट पाहुणचाराची. आपल्याकडे काम करणाऱ्या कुटुंबानें बोलाविलें, तर एक रात्र खळीवर जावें. जातांना पायलीभर धान्य न्यावें. भाषण करूं नये. विचारल्यावांचून कोणाचा फोटो काढूं नये. जें देतील तें पंक्तीस बसून खावें. दहा वर्षें जो मनुष्य आपला वेल छाटतो, त्याचें घर आपण पाहिलेलें नसतें. हें कांहीं भूषण नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळीनें करावयाची. एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर आणि पावसापूर्वीं, वैशाखांत, एखाद्या सभासदाच्या मळ्यावर तीन दिवसांचा मुक्कामी मेळा भरवावा. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. सकाळीं सर्वांनीं हातानें काम करावें: बांधबंदिस्ती, बियाणें निवडणें, रोपांसाठीं खड्डे. दुपारीं ज्यानें त्यानें आपलें गांवठी बियाणें चटईवर मांडावें. 2023 हें साल जगभर भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेलें, तेव्हांपासून नागलीस शहरांत गिऱ्हाईक वाढलें आहे; ती कशी पिकते हें डोंगरांतील शेतकऱ्यानें सांगावें, व पाणी कसें राखावें हें आपण सांगावें. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनीं मुलांस आणून जें दिसेल तें काढवावें. एखाद्या वारली चित्रकारानें गोठ्याची भिंत लिहावी. रात्रीं पावरी, थाळीची कथा, आणि आपल्या म्हाताऱ्यांस आठवत असेल तेवढी भलरी. कलावंतास योग्य मानधन द्यावें, व पंक्तीस यजमानाच्या शेजारीं बसवावें. भाकरी-पिठलें, आंब्याचा रस व नागलीचे पापड यांवर पन्नास माणसांचे तीन दिवस सहज निघतील. दहा सभासदांनीं शिधा वांटून घेतल्यास कोणासहि भार होणार नाहीं.

चौथी गोष्ट नोंदीची. आम्ही कारकून माणूस. आम्हांस नोंदवहीवांचून दुसरें शस्त्र ठाऊक नाहीं. या मेळ्यांत ज्या बियाण्यांचीं नांवें, जीं गाणीं व जे ठोकताळे ऐकूं येतील, ते सांगणाऱ्याच्या संमतीनें लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या गांवास द्यावी. आमचा स्वतःचा वेळ या कामीं आम्ही विनामूल्य देऊं. पूर्वीं एका पाड्याविषयीं वहींत एक ओळ चुकीची लिहिली. ती खोडण्याची संधि त्या वेळीं दवडली. ती ओळ आज या पानावर खोडून तिच्या जागीं त्या वृद्धाचे शब्द लिहितों: हें बी कामच आहे.

येत्या वैशाखांत आपल्या मळ्यावर जागा देण्याची ज्या सभासदांची इच्छा असेल, त्यांनीं विहिरीचें पाणी, सावली व निजावयाची सोय किती आहे तें मंडळीच्या कचेरींत लेखी कळवावें. पौषाच्या बैठकींत त्याचा विचार करूं.